दवंडी पारापर्यंतच का थांबते?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली की एकाचं उत्तर लिहायला घेतलं की दुसरं आठवत होतं. म्हणून तिन्ही एकत्र घेते. पहिल्याला जागा जास्त जाईल, बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.

प्रश्न : मॅडम, मी तुमचाच विद्यार्थी, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) दोन शिबिरांना होतो. आता भडगाव तालुक्यात गावी शेती करतो आणि तरुण मंडळाचं काम बघतो. या उन्हाळ्यात आम्ही श्रमदानाने गावच्या नाल्यातला गाळ काढला. सकाळी सहा ते आठ, सलग बत्तीस दिवस. रोज येणारे वीस-बावीस, तेही ठरलेल्या आठ-दहा घरांतले. बाया आल्या नाहीत. भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, एकही माणूस आला नाही. पेन्शनवाले पहिल्या दिवशी नारळ फोडायला आले तेवढेच. मंडळातली पोरं म्हणतात, "त्या लोकांना समाजसेवेची आवडच नाही." मला हे पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. काही समाजांत सेवेची वृत्ती कमी असते का?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : तुला ते पटलं नाही हे वाचून फार बरं वाटलं. वृत्ती कमी की जास्त हे ठरवायला तुमच्या मंडळाने माप काय धरलं, तर नाल्यावर आला तो सेवाभावी आणि नाही आला तो नाही. याच मापाने मीही कितीतरी वर्षं शिबिरं घेतली. ते माप खोटं आहे हे मला धडगावकडच्या एका पाड्यावर कळलं.

सात दिवसांचं शिबिर होतं. पन्नास विद्यार्थी, बॅनर, पांढऱ्या टोप्या, दगडी बांध घालायचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाड्यावर माणूस नाही. आमची मुलं कुरकुरायला लागली, यांच्यासाठी आपण राबायचं आणि हेच गायब. अकराच्या सुमाराला वरच्या टेकाडावरून हाका ऐकू आल्या म्हणून आम्ही चढून गेलो. तीस-चाळीस माणसं मिळून एका बाईचं घर उभं करत होती. तिचा नवरा त्याच पावसाळ्यात वारला होता. सागाचा लांबच लांब वासा बारा जणांच्या खांद्यावर होता, आणि पुढचा म्हातारा हाळी देईल तसं सगळ्यांचं पाऊल एकदम पडत होतं. बाया बांबूच्या कुडाला शेणमाती लिंपत होत्या, पोरं कौलं हातोहात वर देत होती. दुपारी त्या बाईने सगळ्यांना मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली, आम्हालाही. मजुरी नाही, हजेरी नाही. याला ते लाह म्हणतात. आज तुझ्या घराला, उद्या माझ्या निंदणीला. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "जो येत नाही त्याचं काय करता?" तो म्हणाला, "आजारी असेल. संध्याकाळी बघून येऊ."

त्या शिबिराच्या अहवालात 'ग्रामस्थांचा सहभाग : अल्प' असं लिहिलेलं आहे. माझ्या अक्षरात.

ही चूक माझ्या एकटीची नव्हती. स्वयंसेवा कशाला म्हणायचं यावर जगभर घोळ होता. २०१३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरवलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत व्याख्या ठरली, की आपल्या घरच्यांव्यतिरिक्त इतरांसाठी, सक्तीशिवाय आणि मोबदल्याशिवाय केलेलं काम ते स्वयंसेवा, मग ते संस्थेमार्फत केलेलं असो की थेट शेजाऱ्यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाने २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला तेव्हा जगातल्या स्वयंसेवेपैकी सुमारे ७० टक्के काम कुठल्याही संस्थेशिवाय, माणसाने माणसासाठी केलेलं निघालं. आणि या बिनसंस्थेच्या कामात बायांचा वाटा पुरुषांपेक्षा मोठा, जवळपास ५९ टक्के.

आता दुसरा आकडा बघ. अमेरिकेत २०१५ च्या सरकारी पाहणीत पदवीधरांपैकी ३८.८ टक्के लोकांनी वर्षभरात स्वयंसेवा केलेली होती, आणि शाळा पुरी न झालेल्यांपैकी फक्त ८.१ टक्के. तुझी पोरं म्हणतील, बघा, शिकलेलेच करतात. पण त्या पाहणीत विचारलं होतं संस्थेमार्फत केलेल्या कामाबद्दल. ज्याला चारचौघांत बोलता येतं, ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याचा एक दिवस बुडाला तरी चूल पेटते, त्याला संस्था शोधत येते. ज्याच्याकडे हे नाही तो शेजारच्या म्हातारीला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेतो. ते कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.

आपल्याकडेच बघ ना. चैत्रात धुळे-मालेगाव रस्त्याने सप्तशृंग गडाकडे पायी जाणाऱ्यांची रांग लागते. त्यांना पाणी, ताक, चहा देणारे मांडव कोण घालतं? गॅरेजवाली पोरं, हमाल, हातगाडीवाले. एका वर्षी मी बघितलं, हाताची ऑइलची काळी रेघ अजून निघालेली नाही असा एक पोरगा यात्रेकरू बायांच्या तळपायाचे फोड धुऊन त्यावर मलम लावत होता. एक पाय झाला की "मावशी, दुसरा" म्हणायचा. असा रात्री दोनपर्यंत बसला होता. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायचंच होतं. लळिंगला लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला बाबासाहेबांच्या आठवणीसाठी माणसं जमतात, तिथे गर्दीला वाट करून देणारी, म्हाताऱ्यांना हात धरून चढवणारी मुलं मजुरांच्या वस्तीतली असतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या त्या भयंकर आठवड्यांत, आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा मुलगा पुण्यात अडकलेला आणि भाऊबंद दारात यायला तयार नव्हते. कबरस्तानाचं काम बघणारी चार मुसलमान पोरं आली. त्यांनी विचारलं, "तुमच्यात आधी काय करतात, सांगा." तुळशीपत्र ठेवायला त्यांना मी सांगितलं. त्यांनी रोजा सोडला तो स्मशानातून परतल्यावर, माझ्या ओट्यावर. ती याला खिदमत म्हणतात. कोणी सेवा म्हणतं, कोणी सावड, कोणी लाह. 'स्वयंसेवक' हा शब्द त्यांच्यापैकी कोणी वापरत नाही.

मग हीच माणसं तुझ्या नाल्यावर का येत नाहीत? एकेक सांगते.

आधी बाया. तुमची वेळ होती सहा ते आठ. उन्हाची म्हणून ती बरोबर, मे महिन्यात आपल्याकडे नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही. पण सहा ते आठ हीच पाणी भरायची, भाकरी थापायची, डबे भरायची वेळ. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशभरातल्या घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास, वेळ जातो असं आलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि असे पुरुषच शंभरात सव्वीस. तुम्ही बायांना बोलावलंत ते नेमकं त्या पाच तासांच्या मधोमध. शिवाय गावात कोणाकडे मयत झालं तर तीन दिवस शेजारच्या घरांतून भाकरी-पिठलं जातं, बाळंतिणीकडे शेक-शेगडीला कोण जातं, बिबडे (ज्वारीचे पापड) घालायच्या दिवसांत एकमेकींच्या गच्चीवर कोण राबतं, हे तुझ्या मंडळाने कधी मोजलंय का?

भिलाटीचं कारण वेगळं. तुझं पत्र आल्यावर मला दुसऱ्या एका गावचा असाच प्रसंग आठवला. तिथेही श्रमदान फसलं होतं आणि मी वस्तीत जाऊन एका आजीला विचारलं होतं, तुम्ही का नाही आलात. ती सरळ म्हणाली, "आमले कोन्ही बलायंच नही." दवंडी पारापर्यंत आली होती, पुढे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर. देवळाचा भोंगा वस्तीपर्यंत ऐकू येत नाही. मी म्हटलं, आता बोलावते, चला. तेव्हा तिचा मुलगा बोलला, आणि त्याच्या बोलण्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, दिवसाची मजुरी. तुझ्या वीस-बावीस पोरांना आठनंतर स्वतःच्या शेतात जायचं असतं, त्याला मुकादमाच्या गाडीत सहालाच चढायचं असतं. दुसरी, त्या भागातली निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परतते ती अंगात त्राण नसताना. तिसरी त्याने शेवटी सांगितली, मान खाली घालून. नाल्यात पाणी अडलं तर ते काठच्या विहिरींना लागणार. विहिरी कोणाच्या? त्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता.

हे विचार आणि मग सांग, आवड कोणाची कमी आहे. ज्याची केळी त्या पाण्यावर वाचणार तो स्वतःच्या विहिरीसाठी घाम गाळतो आणि त्याला आपण श्रमदान म्हणतो. ज्याला थेंबही मिळणार नाही त्याने फुकट यावं आणि नाही आला तर त्याला वृत्ती नाही म्हणावं, हे अन्यायाचं आहे, आणि हे मी तुला शिक्षिका म्हणून ठासून सांगते.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला जड जातं. आपल्या शिबिरात मी कामाच्या तुकड्या पाडायचे तेव्हा मुली आपोआप स्वयंपाकात आणि मुलं फावड्यावर जायची. एका वर्षी एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, भाकरी थापायला मी घरून एवढ्या लांब आले का?" तेव्हापासून मी चिठ्ठ्या टाकायला लागले. चिठ्ठ्यांनी एक गोष्ट सुटली आणि दुसरी उघडी पडली. यजमान गावाला जेवण असायचं त्या दिवशी एका मुलाची चिठ्ठी पाणी वाढायच्या तुकडीत निघाली की तो माझ्याकडे यायचा आणि हळूच म्हणायचा, "मॅडम, मला झाडू द्या." दोनदा मी दिला. मला वाटलं, किती नम्र मुलगा. तिसऱ्यांदा मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. पंगतीत कोणीतरी पेला उपडा घालेल, ते टाळायला तो आधीच बाजूला होत होता. त्या दिवशी मी तांब्या त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी दुसरा तांब्या घेऊन मी चालले. दोन माणसं पंगतीतून उठली. बाकीची बसली.

म्हणून म्हणते, कोण आलं एवढंच बघू नकोस, आलेल्याच्या हातात काय दिलं तेही बघ. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या अमळनेरात शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. त्या झाडूचं मोल मोठं आहे, कारण तो हातात घ्यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्या आजीच्या हातात तो जन्मापासून दिलेला आहे, तिला गावाच्या कार्यक्रमातही पुन्हा तोच देऊ नका. तिला माइक द्या, मोजणीची टेप द्या, हिशेबाची वही द्या.

आता पुढच्या उन्हाळ्याचं. भिलाटीत निरोप पाठवू नकोस, स्वतः जा, आणि काम ठरवायच्या आधी जा. अमेरिकेच्या त्याच पाहणीत स्वयंसेवा करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक 'कोणीतरी विचारलं म्हणून' आलेले होते. विचारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिथे बसून विचार, तुम्हाला कशाचं पाणी हवंय. वस्तीचा हातपंप सुरू करायचा असेल तर पहिले आठ दिवस त्याचं काम घ्या, आणि तुझी बावीस पोरं तिथे राबू देत. बंधाऱ्यात पाणी साठलं तर त्यातली मासळी वस्तीची, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या. गिरणाकाठच्या भिल्लांना मासेमारी तुम्ही शिकवायची गरज नाही. काम रोजगार हमीत बसत असेल तर हजेरीपट उघडा ठेवा, कारण अंगठा घेऊन पैसे न मिळाल्याचा अनुभव बऱ्याच वस्त्यांनी घेतलाय आणि फुकट कामाचं बिल कोणीतरी काढेल अशी त्यांना भीती असते. बायांसाठी बचत गटाच्या बैठकीला जोडून संध्याकाळची पाळी ठेवा आणि त्या पाळीला लेकरं सांभाळायला दोन पोरं बसवा. खरंच बसवा, नुसतं म्हणू नका.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा तू ऐकलं असशील. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथल्या लोकांनी उजाड डोंगरावर जंगल राखलं, पाणी अडवलं. त्या गावात सेवेची वृत्ती वरून पडली नाही. जंगल आणि पाणी ज्यांच्या उपयोगाचं, नियम त्यांनीच बसून केले. एकदा मंडळाच्या पोरांना घेऊन जा. फक्त बघायला नको, एक दिवस त्यांच्या हाताखाली काम करायला जा.

प्रश्न : ताई, मी शिरपूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. पहाटे बाळंतिणीला घेऊन जावं लागतं, दुपारी घरोघर नोंदी, रात्री रिपोर्ट. मानधन वाढवून मागितलं की गावातली मोठी माणसं म्हणतात, "तू तर स्वयंसेविका, तुला पैशाची हाव कशाला?" मला फार लाज वाटते. मी चुकते का?
— एक आशा

उत्तर : नाही, तुम्ही चुकत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासून कागदावर आशाला स्वयंसेविका म्हटलं गेलं आणि कामागणिक मोबदला ठरवला. पण वर मी जी व्याख्या दिली ती पुन्हा वाचा : सक्तीशिवाय, मोबदल्याशिवाय. तुम्हाला रिपोर्टची तारीख आहे, वरून फोन येतो, काम चुकलं तर जाब द्यावा लागतो. ही नोकरीची लक्षणं आहेत. कामाला सेवा म्हटलं की दाम कमी देता येतं, आणि हे नेहमी बायांच्याच कामाबाबत का होतं, हा प्रश्न त्या मोठ्या माणसांनाच विचारा. गावच्या ग्रामसेवकाला कोणी कधी "तुला पगाराची हाव कशाला" म्हटलं नाही, त्याच्या पदाच्या जुन्या नावातच 'सेवक' असूनसुद्धा.

तुमची सेवा वेगळीकडे आहे ताई. रात्री अडीचला गाडी मिळेना तेव्हा तुम्ही शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून ट्रॅक्टर काढायला लावला, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. ते कुठल्याच मोबदल्यात बसत नाही. ते तुमचं. बाकीचं काम आहे आणि त्याचे पैसे मान वर करून मागा.

प्रश्न : नमस्कार ताई. भुसावळला रेल्वेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले. वेळ भरपूर आहे, तब्येत ठीक. समाजासाठी काही करावं म्हणून तीन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणी मला उपाध्यक्ष केलं. काम काहीच नाही, फक्त सत्काराला बसायचं. आमच्या वयाच्या माणसांना खरं काम का देत नाहीत?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी

उत्तर : भाऊ, कारण तुम्ही ते मागितलं नसेल, आणि समोरच्याला वाटलं असेल की यांना मान हवाय. आपल्याकडे वयाचा मान खुर्चीने करायची सवय आहे. पण हातात वेळ तुमच्याइतका कोणाकडेच नाही. त्याच अमेरिकन पाहणीत स्वयंसेवा करणाऱ्यांचं प्रमाण पस्तीस ते चव्वेचाळीस वयात सर्वांत जास्त, कारण मुलांच्या शाळा त्यांना ओढतात. तास मात्र पासष्टच्या पुढचे लोक सर्वांत जास्त देतात. वर्षाला ९४ तास ही त्यांची मधली संख्या, सगळ्या वयांची मिळून ५२.

तिन्ही उपाध्यक्षपदं सोडा. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी जा. सकाळी रावेर-यावलच्या पाड्यांवरून माणसं येतात, त्यांना कुठल्या खोलीत जायचं ते कळत नाही, पाटी वाचता येत नाही, आणि विचारायला भीती वाटते. कोणाला आधार कार्डाची झेरॉक्स हवी असते, कोणाला फॉर्म भरून. तिथल्या अधिकाऱ्यांना भेटून रीतसर परवानगी घ्या आणि एकच वार पक्का धरा. समजा गुरुवार, नऊ ते एक. रेल्वेत ड्यूटी चुकवली नसेल तशीच ही चुकवू नका, कारण दुसऱ्या गुरुवारी एखादी आजी तुम्हालाच शोधत येईल. बरोबर वाचायचा चष्मा घ्या, दोन निळे पेन घ्या आणि एक छोटं शाईचं पॅड घ्या. अंगठे अजून लागतात, आणि खिडकीवरचं पॅड बहुतेक वेळा सुकलेलं असतं.